कुंभाराचं गिऱ्हाईक

(दहावी १९९१ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे.)



समितीचा फोन आला तेव्हा विषय होता 'उद्योजकता'. मी म्हटलं, बाबा, मी मडकी विकते, उद्योजक वगैरे मोठी माणसं बोलतील. मग विषय बदलून मिळाला, 'छोट्या कारागिरानं गावातलंच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा कसं आणावं'. हा मला येतो. तीस वर्षं तेच करते आहे. आपल्यातले निम्मे पुण्या-मुंबईला आहेत, तिघं परदेशातून आले आहेत. पण गावात राहिलेल्यांत कुणी शिवणकाम करतं, कुणी पापड-मसाले, एकाचं सुतारकाम आहे. मुख्यतः त्यांच्यासाठी बोलते. बाकीच्यांनी जेवण होईपर्यंत ऐकून घ्यावं.

माझं माहेर कुंभाराचं आणि सासरही कुंभाराचं. आमचे हे चाकावर बसतात, दीर आवा लावतात आणि दारातली विक्री माझ्याकडे. माझ्याआधी ती आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे होती. त्यांना गिऱ्हाईक जोडणं हा प्रकारच माहीत नव्हता, कारण त्यांच्या तरुणपणी गिऱ्हाईक जोडलेलंच असायचं. बलुतं होतं. ठरलेली घरं, त्यांना वर्षभर लागेल ते मडकं द्यायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य आणायचं. आता व्यासपीठावरून बारा बलुतेदारांचं फार गोड वर्णन करतात. आत्याबाई तसं करत नाहीत. खळ्यावर किती वेळ उभं राहावं लागायचं आणि सूपभर ठरलेलं असताना ओंजळभर घेऊन कसं परतावं लागायचं, ते त्या सांगतात. गिऱ्हाईक कायमचं होतं, पण त्यात आपल्याला बोलायची सोय नव्हती. ते गेलं याचं मला दुःख नाही. मात्र ते गेलं तेव्हा एक गोष्ट राहून गेली. घरं आमच्याकडे येत राहिली, पण आम्ही त्यांना ओळखेनासे झालो. स्टील आलं, प्लास्टिकच्या घागरी आल्या, फ्रिज आले. ज्याला मडकं लागेल तो येणार, दोन रुपयांसाठी घासाघीस करणार, नेणार. परत आला तर आला.

मग आमच्या घरानं ठोकाचा रस्ता धरला. शहरातला एक व्यापारी दिवाळीआधी दोन महिने हजारांच्या हिशेबानं पणत्या उचलायचा. ऐकायला बरं वाटायचं, अंगणभर पणत्या वाळताहेत, पोरंटोरं कामाला. पण माल पोचला की फुटीचा आकडा तो सांगेल तो, आणि पैसे संक्रांतीनंतर. एक वर्ष तर पाडवा उलटला. याच सुमाराला, २००४ साली, लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री झाले आणि रेल्वेत चहाला मातीचे कुल्हड आणायचं ठरलं. आमच्या समाजात मोठा आनंद झाला होता. पुढं बहुतेक ठिकाणी पुन्हा कागदाचे कप आले. मला त्यातून एवढंच दिसलं की एकच मोठं गिऱ्हाईक असलं की त्याचं मन बदललं त्या दिवशी आपलं चाक थांबतं.

२००९ च्या दिवाळीनंतर आमच्या घरात ही गोष्ट अगदी तोंडावर आली. ह्यांना एमआयडीसीत रात्रपाळीचं काम मिळत होतं आणि ते जायच्या तयारीत होते. दीर म्हणाले, दादा गेला तर एकट्यानं आवा कशाला लावू, मीही गवंड्याच्या हाताखाली जातो. मी त्या रात्री हिशेब मांडला. पाटीलसरांना आठवत असेल, गणितात मला बरे गुण असायचे. ठोकात हजार पणत्यांना जे मिळत होतं ते दारात तीनशे-साडेतीनशे पणत्यांत सुटत होतं. म्हणजे माती तिप्पट, लाकूड तिप्पट, पाठदुखी तिप्पट, आणि पैसे तेवढेच. प्रश्न एवढाच होता की दारात तीनशेवाली गिऱ्हाइकं पुरेशी येतील का. एक वर्ष मागून घेतलं. म्हटलं, पुढच्या दिवाळीपर्यंत बघू, नाही जमलं तर तुम्ही मोकळे.

आता कामाचं सांगते.

आमच्या धंद्याला एक देणगी आहे आणि ती बाकीच्यांनीही आपापल्या धंद्यात शोधावी. आमचा माल वर्षाच्या ठरलेल्या दिवशी लागतो. संक्रांतीला सुगडं. रथसप्तमीला दूध उतू घालवायला बोळकं. होळी झाली की माठ. अक्षय्य तृतीयेला करा-केळी. बेंदराला मातीचे बैल. मग गणपती, नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या आणि पोरांच्या किल्ल्यावरचे मावळे. मध्ये लग्नसराईत बोहल्याची मडकी. म्हणजे एका घराला वर्षातून सात-आठ वेळा कुंभाराची आठवण व्हायलाच हवी. पण होत काय होतं? माठ आमच्याकडून, सुगडं मंडईच्या दारातून, पणत्या रस्त्यावरच्या गाडीवरून, घट देवळाजवळून. एकच घर चार ठिकाणी जात होतं आणि चारही जणांना वाटत होतं की गिऱ्हाईक कमी झालं.

म्हणून मी नवं गिऱ्हाईक शोधायचं सोडलं आणि जो माठ न्यायला येतो त्याला घटाला कसं आणायचं याच्या मागं लागले. वही घातली. साधी दोनशे पानी, शाळेतल्यासारखी. घराचं नाव, कुठं राहतात, काय नेलं, आणि शेवटी एक रकाना, 'काय म्हणाले'. हा शेवटचा रकाना सगळ्यात उपयोगी. 'तोटी बारीक हवी होती.' 'सून बाळंतपणाला आली आहे.' 'मागच्या वर्षीचा माठ पाझरला नाही.' 'सुगडं काळी हवीत, तांबडी चालत नाहीत, सासूबाई रागावतात.' पुढच्या संक्रांतीला त्या बाई आल्या आणि मी न विचारता काळी सुगडं पुढं केली. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. त्या बाई आजपर्यंत दुसरीकडं गेलेल्या नाहीत. स्मरणशक्तीचं कौतुक झालं ते वेगळंच, वही कुणाला दिसत नाही.

पहिल्या वर्षी वहीत साठ-सत्तर घरं होती. आता चारशेच्या आसपास आहेत. चारशे घरं म्हणजे आपल्या गावाच्या मानानं काहीच नाहीत, पण एक चाक आणि एक आवा चालायला तेवढी पुरतात. ह्यांनी एमआयडीसीचा विषय पुन्हा काढला नाही. दीर मात्र मधली दोन वर्षं गवंडीकामाला जाऊन आले.

माठाचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळा विश्वास त्यातच बसतो किंवा उडतो.

नवा माठ घरी नेल्यावर पहिले तीन दिवस महत्त्वाचे. मातीचा वास येतो, खाली पाणी साठतं, आणि माणसाला वाटतं आपल्याला फसवलं. म्हणून पैसे घ्यायच्या आधी मी सांगते. रात्रभर भरून ठेवा, ते पाणी झाडांना घाला, असं दोन-तीनदा करा. साबण लावू नका, तो मातीत शिरतो आणि मग पाण्याला लागतो. खाली वाळूची परात ठेवा. कोपऱ्यात, कपाटाच्या आड ठेवू नका, वारा लागला पाहिजे. पाझरतो म्हणून तक्रार करू नका, पाझरतो म्हणूनच गार करतो. विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांनी आपल्याकडून घोकून घेतलं होतं, एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला ५४० कॅलरी. ते उकळत्या पाण्याचं. साध्या हवेत थोडी जास्तच लागते, ५८० च्या आसपास. आता बघा, दहा लिटरच्या माठातून १०० ग्रॅम, म्हणजे अर्धा पेला पाणी भिंतीतून पाझरून उडालं, तर आतलं पाणी साडेपाच-सहा अंशांनी उतरू शकतं. बाहेरची उष्णता आत शिरते ती सोडा. हा हिशेब मी गिऱ्हाइकाला सांगते. हसतात, पण लक्षात ठेवतात. आणि मुंबईच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडं हवाच ओली, तिथं पाणी उडतच नाही फारसं, त्यामुळं माझा माठ तिकडं नेऊन 'गार होत नाही गं' असा फोन करू नका. तो माठ इथल्या कोरड्या उन्हाळ्याचा आहे.

वर्षा-दोन वर्षांनी माठाची भोकं पाण्यातल्या क्षारांनी बुजतात. मग तो पाझरत नाही आणि गारही करत नाही. हेही मी आधीच सांगते. काहींना वाटेल ही धंद्याची युक्ती आहे, दरवर्षी माठ विकायची. पण ते खरं आहे, आणि जुना माठ टाकू नका, त्यात तुळस लावा किंवा धान्य ठेवा, हेही मीच सांगते. बाजारात आता बाहेरून चकचकीत रंगवलेले माठ येतात. तैलरंगानं भिंत बंद होते. आम्हीही रंगवलेले ठेवतो, मागणी आहे, नाही म्हणून चालत नाही. पण देताना म्हणते, ताई, हा दिवाणखान्यात ठेवायला छान आहे, गार पाण्याला तो पलीकडचा साधा घ्या. साध्याची किंमत कमी आहे. दोन वेळा असं झालं की बाईंनी दोन्ही नेले.

फुटका किंवा तडा गेलेला निघाला तर बदलून देते. आठ दिवसांत केव्हाही, प्रश्न न विचारता. यावर आमच्याकडं मोठं भांडण झालं होतं. ह्यांचं म्हणणं, आपण वाजवून देतो, घरी नेताना आपटला तर आपला काय दोष? वाजवून बघणं ही आमच्यातली जुनी रीत. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं कोणतं ते ओळखलं, ही गोष्ट आमच्या घरात पोरांना जेवताना सांगतात. भाजलेला माठ बोटाच्या पेरानं वाजवला की खणखणतो, तडा असला की भद्द आवाज येतो. तरी शंभरात तीन-चार परत येतातच. मी ह्यांना म्हटलं, चार माठांची माती आणि लाकूड धरा. आता त्या चारांतला एक जण रागावून गेला तर त्याच्या घरची सुगडं, घट, पणत्या सगळं गेलं, शिवाय तो शेजारणीला सांगणार. वहीत बघा आणि ठरवा. त्यांनी वही बघितली आणि काही बोलले नाहीत. आमच्याकडं हा होकार समजायचा.

नदीपलीकडच्या नव्या सोसायटीतल्या एक बाई असाच पाझरका माठ घेऊन रिक्षानं आल्या. आवाज चढवूनच. त्या बोलायच्या आत मी दुसरा भरून, पुसून, दहा मिनिटं उभा ठेवून दाखवला आणि रिक्षात ठेवला. रिक्षाचे पैसे त्यांनी मागितले नाहीत, मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. पुढच्या संक्रांतीला त्यांचा निरोप आला, आमच्या इमारतीतल्या अठरा घरांची सुगडं एकत्र पाठवाल का. आता हे सांगताना मला ठाऊक आहे की एक महाशय दरवर्षी बरोबर सातव्या दिवशी माठ बदलायला आणतात. आणोत. वहीत त्यांच्या नावापुढं लिहिलं आहे.

भावाचं थोडक्यात. एकच भाव, पाटीवर खडूनं लिहिलेला. शेजारणी-शेजारणी घरी जाऊन भाव ताडून बघतात, आणि एकीला दहा रुपये कमी दिले तर दुसरी कायमची जाते. घासाघीस करणाऱ्याला पैसे कमी करत नाही, वरती चार पणत्या टाकते. कुंडी नेणाऱ्याला तळाला घालायला मूठभर खापऱ्या फुकट. फुटक्या मालाचं याहून चांगलं काही करता येत नाही. उधारी मात्र बलुत्याच्या आठवणीमुळं घरात कुणालाच आवडत नाही, देत नाही.

फोनचं आपल्या ग्रुपवर मला सगळे सांगतात, ऑनलाईन टाक, पार्सल कर. ज्याचं पार्सल होतं त्यानं जरूर करावं. मसाला जाईल, साडी जाईल, कोल्हापुरी चप्पल जाईल. माठ जात नाही. चार किलोची वस्तू, तिला भुसा, खोका, आणि पोचल्यावर चार तुकडे. माझं गिऱ्हाईक रिक्षाच्या अंतरातच राहणार, त्यात मोठेपणाचं काही नाही, मालाचा स्वभाव आहे. फोन मी दुसऱ्यासाठी वापरते. वहीतल्या घरांना वर्षातून चार-पाच निरोप, बस्स. 'उद्या सकाळी आवा उघडतोय, माठ निघतील.' सोबत आव्याचा फोटो. सुप्रभात नाही, सुविचार नाही. त्यामुळं माझा निरोप आला की लोक उघडून वाचतात. आवा उघडायच्या दिवशी आता पंधरा-वीस बायका स्वतः निवडायला येतात, गरम गरम माल, राख झटकून. त्यात त्यांना मजा वाटते आणि मला गाडीभाडं पडत नाही.

सगळं सुरळीत आहे असं समजू नका. धुराचं मोठं संकट आहे. आमच्या गल्लीच्या मागं शेत होतं तिथं आता तीन इमारती आहेत. आवा लावला की त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी. तक्रार नगरपालिकेपर्यंत गेली, आणि अर्जावरच्या सह्यांत माझ्या वहीतलीही नावं होती. मला वाईट वाटलं, पण त्यांचंही खरं आहे, घरात लहान मुलं आहेत. तडजोड अशी केली की आवा महिन्यातून दोनदाच, वार ठरलेला, आणि आदल्या दिवशी त्या तीन इमारतींना निरोप. कपडे आत घ्या, खिडक्या लावा. सह्या करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी दुसऱ्या दिवशी माठ न्यायला येतात. पण हे किती वर्षं चालेल सांगता येत नाही. गॅसची भट्टी घ्यायची तर खर्च मोठा. २०२३ च्या सप्टेंबरात पीएम विश्वकर्मा योजना आली, अठरा कारागिरींत कुंभारही आहे. अवजारांना १५ हजार, आणि ५ टक्क्यांनी आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. आम्ही नाव नोंदवलं आहे. विजेचं चाक आलं तेव्हा ह्यांच्या खांद्याला आराम पडला हे खरं. पण भट्टीला जागा कुठली? गावाबाहेर नेली तर आवा उघडायला येणाऱ्या त्या वीस बायका येतील का? हे मला अजून सुटलेलं नाही. तुमच्यात कुणी इंजिनिअर असेल, कमी धुराची भट्टी बांधून देत असेल, तर जेवताना माझ्याशेजारी बसा.

मुलगा बी.कॉम. झाला, बँकेच्या परीक्षा देतो. वही तोच संगणकात भरतो आहे. चाकावर बसणार का, मी विचारत नाही. सुनेच्या बाजूनंही विचार करायला हवा, ती अजून यायची आहे.

एक शेवटचं, शाळेसाठी. गेल्या वर्षी चौथीच्या बाई वर्ग घेऊन आमच्याकडं आल्या होत्या. चाळीस मुलं, प्रत्येकाला चाकाला हात लावायला दिला, आणि ज्याचं त्याचं वाकडंतिकडं बोळकं पुढच्या आव्यात भाजून शाळेत पोचवलं. पुढच्या रविवारपासून पोरं आईबापांना ओढत आमच्या दारात. नवीन अकरा घरं वहीत चढली. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की हे दरवर्षी ठेवावं, मातीचा खर्च माझा. आणि त्याच फेरीत त्यांना सुतार, लोहार, शिंपी यांच्याकडंही न्यावं, आपल्याच वर्गातले लोक आहेत, पत्ते मी देते.

संक्रांत १४ जानेवारीला आहे. सुगडं हवी असतील त्यांनी जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहा, काळी की तांबडी तेही लिहा. पुण्या-मुंबईला नेणाऱ्यांनी मांडीवर घेऊन बसायचं, डिकीत ठेवायची नाहीत.